मुखमैथुनाचे 'फायदे': व्हॉट्सॲपची यादी आणि मुंबईतली घरं

शेवग्याची_शेंग (धागाकर्ती)

आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सध्या एक यादी फिरतेय. 'ओरल सेक्सचे आश्चर्यकारक फायदे.' स्तनाचा कर्करोग टळतो, चेहरा उजळतो, नैराश्य जातं, प्रोटीन मिळतं, गरोदरपणात बीपी वाढत नाही, नवरा-बायकोचं प्रेम दुप्पट होतं. खाली गुलाबाची फुलं आणि 'पुढे पाठवा'.

ग्रुपवर हसून झालं. मग एकीनं मला वेगळा मेसेज केला. तिचा नवरा हीच यादी तिच्यापुढे धरतो. ती नको म्हणाली की म्हणतो, "अगं, तब्येतीला चांगलं असतं." यादीचं हसू आलं होतं, या वाक्याचं नाही आलं.

म्हणून हा धागा. यादीतलं खरं किती ते बघू आणि जोडप्यांना याचा खरंच काय उपयोग होतो त्यावर मोकळेपणानं बोलू. मी जे वाचलंय ते लिहिते, भर जाणकारांनी घालावी.

कर्करोगाची गोष्ट चक्क थाप आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्यानं सीएनएनच्या बातमीसारखं दिसणारं खोटं पान गंमत म्हणून बनवलं होतं. ते कधीच उघडं पडलं, पण बातमी अजून फिरतेच आहे, आता तर मराठीतून.

प्रोटीनचा हिशोब सोपा आहे. एका वेळचं वीर्य साधारण २ ते ५ मिलिलिटर, त्यातलं बहुतेक पाणी. प्रोटीन फार तर पाव ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. ज्याला बायकोच्या प्रोटीनची काळजी आहे त्यानं सकाळी उठून ऑम्लेट करावं.

नैराश्याचा मुद्दा २००२ च्या एका अभ्यासावरून उचललाय. न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनीच्या विद्यापीठातल्या २९३ विद्यार्थिनींना त्यांच्या मनःस्थितीबद्दल आणि कंडोमच्या वापराबद्दल प्रश्न विचारले होते. त्यात ओरलचा मुद्दाच नव्हता! शिवाय कंडोम न वापरणाऱ्या मुली बहुधा स्थिर नात्यात असतात, त्यामुळे कशानं काय झालं ते त्यातून ठरत नाही.

चेहरा उजळण्याबद्दल लिहायलाही कंटाळा आला.

चावट प्रतिसाद नकोत. संपादक जागे आहेत असं समजून लिहा.

ठाकूरद्वार_नाका

पहिला नंबर माझा! यादीत एक मोठा फायदा राहिलाय. आमचं आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. आई-बाबा पडद्यापलीकडे, भाऊ पोटमाळ्यावर. ओरलमध्ये पलंग करकरत नाही. चाळीतल्या माणसाला याची किंमत विचारा.

सत्यवचनी

हे मराठी माणसांचं संस्थळ आहे ना? इथे लेकी-सुना वाचतात. हे सगळे पाश्चात्त्यांचे चाळे इंटरनेटवरून आले. आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं.

पागडीवाले

@सत्यवचनी काका, कामसूत्रात औपरिष्टकावर, म्हणजे मुखमैथुनावर, स्वतंत्र अध्याय आहे. गंमत म्हणजे आचार्यांना हे मान्य नव्हतं असं वात्स्यायन आधी सांगतो आणि मग देश, काळ आणि स्वतःची आवड बघून ज्यानं त्यानं ठरवावं असं म्हणतो. म्हणजे तुमचा आणि शेंगताईंचा वाद इंटरनेटच्या बराच आधीचा आहे.

आणि मराठी माणसांचंच काढलंत म्हणून सांगतो. र. धों. कर्वे याच मुंबईत राहत होते. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये वारले तोवर त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि ते छापील उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. आपण इथे टोपणनावाखाली लिहितोय, तो माणूस स्वतःच्या नावानं लिहीत होता.

सत्यवचनी

कर्व्यांचं नाव घेतलं की संपलं का सगळं? असो. वाचतोय.

विरार_फास्ट

डॉ. महिंदर वत्स आठवले. 'मुंबई मिरर'मधलं त्यांचं लैंगिक सल्ल्याचं सदर आमच्या डब्यात एक जण उघडायचा आणि चार जण मान वाकडी करून वाचायचे. ते मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ. २०२० च्या डिसेंबरात गेले, वय ९६. वाट्टेल तो प्रश्न आला तरी दोन ओळींत उत्तर, आणि त्यात विचारणाऱ्याची लाज काढलेली नसायची. मात्र बायकोवर जबरदस्ती करणारा असला की शालजोडीतला ठरलेला.

लेबर_रूम

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, परळ भागात काम करते. गरोदरपणातल्या बीपीचा मुद्दा शेंगताईंनी सोडलाय, तो मी घेते, कारण यादीत कणभर तथ्य असलेला तेवढाच आहे.

प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढणं आणि बहुधा लघवीतून प्रथिनं जाणं. जोडीदाराच्या वीर्यातल्या काही घटकांची बाईच्या प्रतिकारशक्तीला आधीपासून ओळख असेल तर वार रुजताना शरीर कमी विरोध करत असावं, असा एक तर्क आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २००० साली एक लहान अभ्यास छापला. ज्यांना हा त्रास झाला नाही त्या बायकांमध्ये मुखमैथुनाचं प्रमाण जास्त दिसलं. दिसलं, एवढंच. त्यावरून ओपीडीत कोणीही हा 'उपाय' लिहून देत नाही. धोका जास्त असलेल्या बाईला आम्ही कमी मात्रेची ॲस्पिरिन देतो, वेळच्या वेळी बीपी मोजतो, लघवी तपासतो. तपासणीची तारीख चुकवून यादीवर भिस्त ठेवू नका.

गरोदरपणात योनीत जोरानं हवा फुंकू नये. ती रक्तवाहिन्यांत शिरून आई दगावल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. क्वचित घडतं, पण हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आता यादीत नसलेला फायदा. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली तरी संबंध जमत नाहीत अशी जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. तिला दुखतं, त्याला दडपण येतं आणि दोन्हीकडच्या आया 'गोड बातमी' विचारत असतात. अशा वेळी आम्ही सांगतो की काही आठवडे प्रत्यक्ष संबंध पूर्ण बंद. फक्त स्पर्श, आणि दोघांची इच्छा असेल तर तोंडानं. 'शेवटपर्यंत पोचलंच पाहिजे' हे ओझं उतरलं की शरीर सैल पडतं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिक संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. बाळंतपणानंतर टाके भरून येईपर्यंतही बऱ्याच जोडप्यांना जवळ राहायला ही वाट बरी पडते.

मूल हवं म्हणून दिवस मोजून प्रयत्न करत असाल तर त्या दिवसांत लाळेचा वापर बेतानं करा. प्रयोगशाळेत लाळेनं शुक्रजंतूंची हालचाल मंदावलेली दिसते.

सोलकढी

रोमातून (नुसतं वाचण्यातून) बाहेर येतेय. मला नाही आवडत. करायलाही नाही आणि करून घ्यायलाही नाही. लहानपणापासून 'ती जागा घाण' एवढंच कानावर पडलं, त्यामुळे असेल किंवा नसेलही. पण आता मैत्रिणी मला काकूबाई म्हणतात. पूर्वी करणारी वाईट ठरायची, आता न करणारी. आम्ही नक्की जायचं कुठे?

शेवग्याची_शेंग

@सोलकढी, कुठेच जायचं नाही. आवड नाही म्हणजे नाही, त्याला कारणाची चिठ्ठी जोडावी लागत नाही.

पक्षकार

वकील आहे, म्हणून कायद्यापुरतं. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत मुखमैथुन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा होता, आणि नवरा-बायको असले तरी त्यांना सूट नव्हती. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले. आपण सगळे ही बातमी समलिंगी लोकांची म्हणून वाचतो, पण त्या दिवशी दादर-डोंबिवलीतली असंख्य विवाहित जोडपीही कायद्याच्या कचाट्यातून सुटली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

दुसरी बाजू शेंगताईंच्या मैत्रिणीसाठी. २०१३ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या व्याख्येत जबरदस्तीचं मुखमैथुनही येतं, पण नवऱ्याला दिलेला अपवाद अजून कायम आहे. त्यामुळे विवाहितेला त्या कलमाचा आधार मिळत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळ स्पष्टपणे धरला आहे आणि त्याखाली संरक्षण मागता येतं. 'तब्येतीला चांगलं' हा बचाव तिथे चालणार नाही.

विरार_फास्ट

हे सगळं पटतं. पण सगळे नवरे खलनायक नाहीत हो. मला बायकोसाठी करायला आवडतं, तीच लाजते. रात्री दहाला घामेजलेली घरी येते आणि म्हणते, "शी, आज नको, अंगाला गर्दीचा वास येतोय." यावर काय करावं?

नीलमोहर

@विरार_फास्ट, पाणी तापवून द्या आणि तोवर पोळ्या तुम्ही करा. मी हे गमतीत म्हणत नाहीये.

आता मुद्द्याचं. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात ५२ हजारांहून जास्त अमेरिकी प्रौढांना विचारलं होतं की संबंधात तुम्हाला परमोच्च सुख नेहमी किंवा बहुतेक वेळा मिळतं का. पुरुषांशी संबंध न ठेवता बायकांशी ठेवणाऱ्या बायकांत हो म्हणणाऱ्या ८६ टक्के. बायकांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ९५ टक्के. आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या बायकांत ६५. ज्या बायकांना सुख जास्त वेळा मिळत होतं त्यांच्याकडे तोंडानं दिलेलं सुख जास्त होतं, संबंध जास्त वेळ चालत होता, आणि काय हवं ते त्या बोलून दाखवत होत्या.

त्याच सुमाराच्या दुसऱ्या अमेरिकी पाहणीत १,०५५ बायकांपैकी जेमतेम १८ टक्के म्हणाल्या की नुसता योनीसंबंध पुरतो. बाकी बहुतेकींना क्लिटोरिसला (योनीमुखाच्या वरच्या बाजूचा छोटा, संवेदनशील उंचवटा) स्पर्श लागतो किंवा त्यानं जास्त बरं वाटतं. या भागाला मराठीत नाव घेऊन कोणी बोलत नाही, म्हणून बऱ्याच नवऱ्यांना तो कुठे आहे हेही ठाऊक नसतं. आकडे अमेरिकेतले असले तरी शरीराची रचना विरारलाही तीच आहे.

तेव्हा 'फायदा' मोजायचाच असेल तर कोणाचा, ते आधी विचारा. ग्रुपवरच्या याद्यांमध्ये बाई कायम देणारी असते. तिला मिळण्याबद्दल एक ओळ सापडत नाही.

ठाकूरद्वार_नाका

+१. आणि ठेचा, मिरची, शेजवान चटणी खाऊन थेट कामाला लागू नये. जास्त तपशील देत नाही.

पेन्शनर

वय ६८, दादर. तरुणांच्या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो.

मला मधुमेह आहे आणि पन्नाशीनंतर पूर्वीसारखं होईना. त्याच काळात हिची पाळी गेली. तिला कोरडेपणानं दुखायचं, पण ती बोलायची नाही. मी समजायचो, तिचं मन उडालंय. ती समजायची, माझं उडालंय. एका खाटेवर दोन दिशांना तोंड करून झोपायचो. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, "संबंध म्हणजे तेवढंच असं कोणी सांगितलं?" तिला योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळालं, मला गोळी. पण गोळीपेक्षा तोंडाचा आणि हाताचा उपयोग जास्त झाला हे इथे टोपणनावानं लिहायला हरकत नाही. तिथे ताठरपणाची परीक्षा नसते. आम्ही पुन्हा रात्री बोलायला लागलो. सोसायटीच्या मीटिंगमधलं, नातवाचं, काहीही.

२००७ साली अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ लोकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय लोकांपैकी सर्वांत तरुण गटात ५८ टक्के आणि पंचाहत्तरीच्या पुढे ३१ टक्के मुखमैथुन करत होते. ते वाचून आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

सत्यवचनी

पेन्शनरसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला तुम्हाला विपू (खाजगी विचारपूस) करायची आहे, चालेल का? डॉक्टर कोण ते विचारायचं होतं.

पेन्शनर

अवश्य करा.

दुधी_हलवा

फायदे-फायदे चाललंय, तोट्यांचं कोणी बोलेल का? घशाचा कर्करोग होतो म्हणतात.

लेबर_रूम

हो, ते राहिलंच.

एचपीव्ही हा विषाणू मुखमैथुनातून घशात जाऊ शकतो. बहुतेकांचं शरीर तो आपोआप घालवून टाकतं. काहींत, विशेषतः १६ नंबरचा प्रकार, वर्षानुवर्षं राहतो आणि टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले बहुसंख्य कर्करोग एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण अजूनही तंबाखू, मावा, गुटखा आणि सुपारी हेच आहे.

मुलांना आणि मुलींना, दोघांनाही लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ पासून मिळते, ९ ते २६ वयासाठी. त्यापुढच्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लग्न झालं म्हणून लस वाया जाते असं नाही, लवकर घेतली तर उपयोग जास्त.

गनोरिया, सिफिलिस, हर्पीस यांची लागण तोंडातूनही होते. गनोरिया घशात असला तर बहुधा काहीच जाणवत नाही. ताप उतरताना ओठावर फोड येतात तोही हर्पीसच, ते असताना थांबायचं. एचआयव्हीचा धोका या मार्गानं अगदी कमी, पण तोंडात जखम असेल तर उगाच जोखीम कशाला? दोघंही एकमेकांशीच असाल आणि तपासण्या झालेल्या असतील तर यातलं बरंचसं बाजूला पडतं. नाहीतर कंडोम. बाईसाठी डेंटल डॅम नावाचा पातळ पडदा असतो, पण आपल्या केमिस्टकडे मागितलात तर तो दातांच्या डॉक्टरचा पत्ता देईल. कंडोम उभा कापून उघडला की तेच काम होतं.

ब्रश करून लगेच नको, हिरड्या सोलवटलेल्या असतात. बाईनं योनीच्या आत साबण किंवा सुगंधी वॉश वापरू नये, आतली स्वच्छता शरीर स्वतः करतं. बाहेरून साधं पाणी पुरे. पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवावं. हे सांगताना ओपीडीत पदवीधर नवरेही नवीन काहीतरी ऐकल्यासारखे बघतात.

शंका आली तर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबांच्या नंबरावर फोन करू नका. केईएम, सायन, नायर, सगळीकडे त्वचा आणि गुप्तरोगाची ओपीडी आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि उपचार मोफत असतात.

सोलकढी

डॉक्टर, एक विचारू? किळस वाटणं हा आजार आहे का? म्हणजे उपचार वगैरे घ्यावे लागतील?

लेबर_रूम

अजिबात नाही. तुम्हाला स्वतःलाच कधी वाटलं की हे बदलावं, तर समुपदेशक मदत करतात. नवऱ्याला किंवा मैत्रिणींना वाटतं म्हणून नाही. तुमचं दोघांचं बाकी बरं चाललंय ना?

सोलकढी

छान चाललंय. तो विचारतो, मी नको म्हणते, मग आम्ही दुसरं काहीतरी करतो. एवढ्यावर कधी वाद नाही झाला.

नीलमोहर

मग यादीतलं 'प्रेम दुप्पट' तुमच्याकडे यादीशिवायच आहे की. अमेरिकेतल्या वयस्कर जोडप्यांच्या एका अभ्यासात ओरल करणाऱ्यांचं नातं जास्त समाधानी दिसलं खरं. पण मला वाटतं, जे एकमेकांना असलं विचारू शकतात आणि ज्यांना नकार ऐकून घेता येतो, त्यांचं आधीच बरं चाललेलं असतं.

ठाकूरद्वार_नाका

शेंगताई, त्या मैत्रिणीचं पुढे काय?

शेवग्याची_शेंग

तिला हा धागा पाठवला. पक्षकारांचा प्रतिसाद तिनं जपून ठेवलाय, आणि प्रोटीनचा हिशोब नवऱ्याला फॉरवर्ड केलाय. त्याच्या निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं. बाकी ती सांगेल तेवढंच मी इथे लिहीन.

नवी_आयडी_७

फक्त हा प्रश्न विचारायला आयडी काढली. माझा नवरा मावा खातो. त्याला करायचं असतं, मलाही हवंसं वाटतं, पण त्याच्या तोंडात आतून पांढरे चट्टे आहेत आणि हल्ली वडापावसुद्धा तोडून खावा लागतो, तोंड तेवढं उघडत नाही. मला काही होईल का?

लेबर_रूम

तुमचं नंतर बघू, आधी त्याचं. पांढरे चट्टे आणि तोंड कमी उघडणं ही दोन्ही लक्षणं कर्करोगाच्या आधीची असू शकतात. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, तसं थांबू नका. या आठवड्यात सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तोंड दाखवा. मावा सोडायला सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. चट्टे किंवा जखमा असेपर्यंत तुम्हीही ओरल टाळा.

नवी_आयडी_७

नंबर लिहून घेतला. ओरल तोंड तपासून आल्यावर, असं त्याला सांगितलंय. शनिवारी सुट्टी टाकतोय म्हणाला.